नांदेडमध्ये आनंद कारज: तयारी, परवानग्या आणि बसून काढलेले फोटो

माझ्या मैत्रिणीचं आनंद कारज, म्हणजे शीख पद्धतीचं लग्न, ११ फेब्रुवारी २०२४ ला नांदेडला झालं. ठरवाठरवीपासून मी तिच्या घरच्यांबरोबर होते आणि फोटोही मीच काढले. सुरुवातीला मराठीत काही माहिती मिळते का म्हणून खूप शोधलं. हाती लागलं ते एक तर गुरुमुखीत, नाहीतर कॅनडातल्या लग्नांबद्दल. गुरुद्वाऱ्यात अर्ज कुणाकडे द्यायचा, फोटोवाल्याने कुठं बसायचं, नवरीने काय घालायचं, मनपात नोंदणी कशी होते, हे सगळं लोकांना विचारत विचारतच कळलं. पुढच्याला थोडं सोपं जावं म्हणून क्रमाने लिहितेय.

फोटोग्राफी हा माझा धंदा नाही. नोकरी सांभाळून ओळखीपाळखीतली लग्नं काढते. तोवरची सगळी अंतरपाट-अक्षतांची. आपल्याकडे फोटोवाल्याला भलतीच मुभा असते. मंगलाष्टकं चालू असताना स्टेजवर चढायचं, मामाला बाजूला सारायचं, भटजींना ‘जरा थांबा, परत एकदा हार घालू द्या’ म्हणायचं. कुणी काही बोलत नाही. ही सवय घेऊन दरबार साहिबमध्ये, म्हणजे गुरू ग्रंथ साहिब असतो त्या दालनात, गेलं तर दुसऱ्या मिनिटाला बाहेर.

मैत्रीण आणि मी विष्णुपुरीच्या कॉलेजात एका वर्गात होतो. तिचं घर पिढ्यानपिढ्या नांदेडचं. तिचे बाबा, म्हणजे आमचे काका, घरात पंजाबी बोलतात, दुकानात दखनी आणि माझ्याशी अस्सल नांदेडी मराठी. मुलगा लुधियान्याचा. सप्टेंबर २०२३ मध्ये सोयरीक पक्की झाली आणि लगेच पहिला वाद उभा राहिला. मुलाच्या परदेशातल्या चुलत भावंडांना लग्न गोव्यात, समुद्राकाठी हवं होतं. काकांचं एकच म्हणणं होतं, “हुजूर साहिब माझ्या दारात असताना पोरीचं लग्न वाळूत कशाला लावू मी?”

महिनाभर फोनवर फोन झाले. मग १६ ऑक्टोबरला अमृतसरच्या अकाल तख्तावरून, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठावरून, आदेश आला, की समुद्रकिनारे आणि रिसॉर्टवर गुरू ग्रंथ साहिबचं सरूप (ग्रंथाची प्रत) नेऊन आनंद कारज लावायचं नाही. गोव्याचा विषय तिथंच मिटला. काकांनी मला फोन करून एवढंच सांगितलं, “झालं बघ. आता तारीख काढू.”

तारखेची गंमत अशी की शिखांच्या रहित मर्यादेत, म्हणजे आचारसंहितेत, मुहूर्त, पत्रिका, गुण हे काही बघायचंच नसतं. कुठलाही दिवस चालतो. तरी व्यवहारात दोन गोष्टी पाहिल्या. डिसेंबरचा शेवट टाळला, कारण त्या दिवसांत साहिबजाद्यांच्या, म्हणजे गुरू गोविंदसिंगजींच्या मुलांच्या, शहादतीचं स्मरण असतं आणि बरीच घरं तेव्हा आनंदाचं कार्य करत नाहीत. होळीच्या आसपासचे दिवसही टाळले, कारण हल्ला महल्ल्याच्या मिरवणुकीला नांदेडात खोल्या मिळणं मुश्कील. फेब्रुवारीतला रविवार ठरला. संध्याकाळच्या जेवणासाठी मंगल कार्यालय बघायला गेलो, तर मालकाच्या वहीत तो रविवार कोराच होता. मुहूर्ताच्या दिवसांपेक्षा १५ हजार कमी घेतले त्याने. तुमच्याकडेही आनंद कारज असेल आणि वेगळा हॉल लागणार असेल, तर आधी कार्यालयवाल्याची वही बघा आणि मग तारीख ठरवा. मुहूर्ताची अट नाही, तर तिचा फायदा का सोडायचा?

गुरुद्वाऱ्याचं नाव मी मुद्दाम देत नाही. नांदेडात गुरुद्वारे बरेच आहेत, प्रत्येक ठिकाणची पद्धत थोडी थोडी वेगळी, आणि माझं वाचून कुणी भलत्याच कार्यालयात जाऊन ‘त्यांना तर परवानगी दिली होती’ असं म्हणायला नको. खुद्द तख्त सचखंड श्री हुजूर साहिबची तर गोष्टच निराळी. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींचे शेवटचे दिवस इथं गेले, इथंच त्यांनी ग्रंथाला गुरुगादी दिली. पाच तख्तांपैकी हे एक. महाराजा रणजितसिंगांनी बांधलेल्या त्या वास्तूत बाराही महिने देशभरातून संगत, म्हणजे भाविक मंडळी, येत असते. तिथं कॅमेरा घेऊन मिरवायचं माझ्या मनातही आलं नाही. लग्न काकांच्या नेहमीच्या जाण्यायेण्यातल्या एका गुरुद्वाऱ्यात लागलं आणि तख्तावर दोघांनी आदल्या दिवशी जाऊन मत्था टेकला. त्याचा एकही फोटो नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज दिला. लागलेले कागद सांगते: दोघांचे आधार, वयाचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो, दोन्हीकडच्या आईवडिलांच्या सह्यांचं संमतीपत्र, दोघंही शीख आहेत आणि दोघांचंही याआधी लग्न झालेलं नाही असं लेखी. मुलाकडच्या सह्या लुधियान्याहून यायच्या होत्या, त्यात दहा-बारा दिवस गेले. मूळ कागदच लागतो, मोबाइलवरचं स्कॅन चालत नाही, त्यामुळे कुरियरचे दिवस धरूनच चाला. भेटेचा आकडा कुणी सांगितला नाही. तुमच्या श्रद्धेने द्या म्हणाले. कडाह प्रसाद, म्हणजे तिथला शिरा, आणि लंगरचा शिधा मात्र नीट हिशोब करून आगाऊ दिला. लंगर तिथलाच, सेवा घरच्यांची.

फोटोंची परवानगी ही वेगळी गोष्ट आहे, हे लक्षात ठेवा. लग्नाची तारीख मिळाली म्हणजे कॅमेऱ्याला होकार मिळाला असं नाही. मी काकांबरोबर ग्यानीजींना, म्हणजे गुरुद्वाऱ्यातले धर्मविधी बघणाऱ्यांना, भेटले. वयस्कर माणूस, आवाज अगदी हळू. त्यांनी मला आधी विचारलं, “बेटा, तू आनंद कारज कधी पूर्ण बसून पाहिलं आहेस का?” नाही म्हटलं. “मग पुढच्या रविवारी एक आहे. ये. कॅमेरा घरी ठेवून ये.”

गेले. माझ्या मते सगळ्या तयारीतला सगळ्यात कामाचा वेळ हाच. अनोळखी लोकांचं लग्न, मी बायकांमध्ये मांडी घालून बसले आणि फक्त बघत राहिले. नवरानवरी गुरू ग्रंथ साहिबसमोर बसतात. सुरुवातीच्या अरदासला, म्हणजे प्रार्थनेला, फक्त ते दोघं आणि त्यांचे आईवडील उभे राहतात, बाकी संगत बसलेली. मग मुलीचे वडील मुलाच्या खांद्यावरच्या पल्ल्याचं दुसरं टोक मुलीच्या हातात देतात. त्यानंतर चार लावां, म्हणजे लग्नाची चार कडवी. चौथे गुरू रामदासजींची ही रचना, सूही रागातली, ग्रंथात ७७३-७७४ अंगांवर (पानाला अंग म्हणतात). प्रत्येक लांव आधी ग्रंथीसाहेब वाचतात, तोवर दोघं बसून ऐकतात. मग मत्था टेकून उठतात, रागी, म्हणजे कीर्तन करणारे, तीच लांव गातात, आणि गाणं चालू असताना दोघं गुरू ग्रंथ साहिबला प्रदक्षिणा घालतात. पुढे तो, मागे ती. परत समोर येऊन मत्था टेकून बसतात. असं चारदा. शेवटी आनंद साहिबचा पाठ, सगळ्यांची उभ्याने अरदास, हुकमनामा (ग्रंथ उघडून वाचलेलं वचन), कडाह प्रसाद.

फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की महत्त्वाचा क्षण एकदा नाही, चारदा येतो. एका फेरीत चुकलं तर पुढची आहे. आपल्याकडे हार घातला की संपलं, म्हणून तर फोटोवाले धक्काबुक्की करतात. इथं धीर धरता येतो. दुसरं म्हणजे प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ग्रंथ उजव्या हाताला ठेवून. संगतीतून बघताना जोडी डावीकडून मागे जाते, पालखी साहिबच्या (ग्रंथाच्या मखराच्या) मागे काही पावलं दिसेनाशी होते आणि उजवीकडून बाहेर येते. चेहरे हवे असतील तर उजवा कोपरा मागून घ्या. डाव्या कोपऱ्यातून पाठी मिळतात.

संगत उठल्यावर ग्यानीजींनी सेवादारांना बोलावलं आणि मला नियम सांगितले. डोकं कायम झाकलेलं. फ्लॅश नाही. गुरू ग्रंथ साहिबकडे पाठ करायची नाही. गादीच्या वरच्या उंचीवरून, म्हणजे स्टूल, शिडी, गॅलरी कुठूनही फोटो नाही. उभं राहून संगतीच्या समोर यायचं नाही. सरकायचं असेल तर भिंतीकडेने, वाकून किंवा गुडघ्यांवर. अरदासला कॅमेरा खाली आणि हात जोडलेले. ड्रोनचं तर विचारूही नका. खिशात किंवा बॅगेत तंबाखू-सिगारेट असता कामा नये, आणि हे तुमच्या मदतनिसालाही सांगा. माझा मदतनीस म्हणजे माझा मावसभाऊ, कॉलेजात जाणारा. तो तंबाखू खात नाही, पण त्याच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात रूममेटची पुडी निघू शकते एवढं मला ठाऊक होतं. लग्नाच्या सकाळी त्याची बॅग मी स्वतः उपडी करून पाहिली.

गाडीची तिकिटं हा प्रत्येक वऱ्हाडाचा जिव्हाळ्याचा विषय. अमृतसरहून नांदेडला थेट सचखंड एक्स्प्रेस येते, परतीचा नंबर १२७१५, येतानाचा १२७१६. लुधियान्याहून बसलं तरी दीड दिवसाचा प्रवास. तेव्हा आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. गोव्याच्या वादात आमचे सुरुवातीचे दिवस वाया गेले होते, म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी जे मिळेल ते घेतलं. एका तिकिटावर सहाच जण, त्यामुळे वऱ्हाड चार डब्यांत विखुरलं. त्यांना काही वाईट वाटलं नाही. या गाडीत संगतच असते, वाटेत काही स्टेशनांवर लंगर मिळतो, आपलं ताट-पेला घेऊन दारात उभं राहायचं. उत्तरेतल्या धुक्याने हिवाळ्यात ही गाडी किती उशिरा येईल याचा नेम नाही. लग्नाच्या दोन दिवस आधी पोचतील अशीच तिकिटं काढा. आमचं वऱ्हाड ९ तारखेला दुपारी यायचं ते रात्री आलं आणि तरी कुणाचं काही बिघडलं नाही.

राहायला यात्री निवासात खोल्या घेतल्या. स्वच्छ, स्वस्त, पण शनिवार-रविवारी गर्दी असते, म्हणून फोनवर विसंबू नका, गावातलं कुणी तरी प्रत्यक्ष जाऊन बोलून येऊ दे. वयस्कर पाहुण्यांसाठी तळमजला आधीच मागून ठेवावा.

डिसेंबरच्या मध्यावर मोठा धक्का बसला. तख्त हुजूर साहिबच्या पंजप्याऱ्यांनी, म्हणजे तिथल्या पाच प्रमुख धर्मसेवकांनी, ठराव केला, की आनंद कारजच्या वेळी नवरीने भारी लेहंगा-घागरा न घालता सलवार-कमीज आणि चुनरी घालावी. जड कपड्यांत तिला चालणं, बसणं, मत्था टेकणं जमत नाही. गुरू ग्रंथ साहिबसमोर येताना नवरीच्या डोक्यावर चुनरी किंवा फुलांची चादर धरायची नाही. पत्रिकेत नावापुढे सिंग आणि कौर लिहायचं.

लेहंगा शिवायला टाकून महिना झाला होता. डाळिंबी रंगाचा, वजन विचारू नका. दुकानदाराला फोन केला तर आगाऊ दिलेले ३० हजार परत मिळणार नाहीत म्हणाला. मैत्रीण दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. मलाही खरं सांगायचं तर वाईट वाटलं होतं, कारण माझ्या यादीत पहिला फोटो तोच होता: चार भावांनी चार कोपरे धरलेली आजीची फुलकारी, म्हणजे रेशमी भरतकामाची पंजाबी ओढणी, आणि खाली चालत येणारी नवरी. काकूंनी मार्ग काढला. लेहंगा संध्याकाळच्या जेवणाला. लावांसाठी वजिराबादेतून कापड आणून गुलाबी सलवार-कमीज शिवला, शिलाईसकट साडेचार हजार. आणि आजीची फुलकारी डोक्यावर धरायची नाही तर अंगावर घ्यायची, चुनरी म्हणून. आजी म्हणाल्या, “ती अंगावर घ्यायलाच काढली होती मी. छत करायला थोडीच!” मुलाकडे गुलाबीचा तुकडा कुरियरने पाठवला, पगडी त्याच रंगाची यावी म्हणून.

पत्रिका छापायला दिल्या तेव्हा छापखान्यातल्या पोराने सवयीने वर गणपती टाकून नमुना दिला. काका हसले आणि म्हणाले, “देव चांगलाय, पण आमच्या पत्रिकेत इक ओंकार लागतंय बघ.” एका बाजूला गुरुमुखी, दुसऱ्या बाजूला मराठी. गुरुमुखीचा मजकूर वाचता येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. काना-मात्रा सरकलेल्या असतात आणि छापणाऱ्याला कळत नाही.

जानेवारीत कॅमेऱ्याचं बघितलं. लांबून काढायचं म्हणजे ७०-२०० ची लेन्स हवी, ती छत्रपती संभाजीनगरातून भाड्याने आणली, दिवसाला १,२०० रुपये आणि वर अनामत. दुसऱ्या कॅमेऱ्यावर ३५ ची. ग्यानीजींना विचारून दुपारच्या रिकाम्या वेळी दरबारात उजेडाचा अंदाज घेतला आणि फार बरं झालं. आवाज नको म्हणून मी सायलेंट शटर लावणार होते. झुंबर आणि एलईडीच्या पट्ट्यांखाली त्याने फोटोत आडवे काळपट पट्टे येत होते. शटर १/१०० वर आणला तेव्हा गेले. पण १/१०० वर चालणारी माणसं थोडी हलतात, म्हणून प्रदक्षिणेसाठी साधा शटर ठेवायचं ठरवलं. तबला-बाजाच्या आवाजात तो ऐकूही येत नाही. ग्रंथीसाहेब वाचत असताना, जेव्हा जोडी बसलेली असते, तेव्हा सायलेंट. आणखी एक फायदा तिथं बसल्यावर कळला: खाली सगळीकडे पांढऱ्या चादरी अंथरलेल्या असतात, त्यांच्यावरून उजेड वर येतो. मान खाली घालून बसलेल्या नवरीच्या चेहऱ्यावरही सावली पडत नाही. फ्लॅशला बंदी आहे म्हणून रडायचं कारण नाही.

८ तारखेला सकाळी घरी गुरू ग्रंथ साहिबचा अखंड पाठ सुरू झाला. सलग ४८ तास, पाठ करणारे आळीपाळीने बदलतात, वाचन थांबत नाही. पहाटे तीनला काकूंनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, “झोप थोडं, काय करायलीस जागून?” पण त्या वेळी घरात जे चाललेलं असतं ते दिवसा दिसत नाही. आतल्या खोलीत संथ वाचन, स्वयंपाकघरात दोन मावश्या पेंगत बसलेल्या, दारात चपलांचा ढीग. १० तारखेला सकाळी भोग, म्हणजे पाठाची समाप्ती, झाला, संध्याकाळी वटणा, म्हणजे आपली हळदच, आणि रात्री जागो. डोक्यावर दिव्यांची सजवलेली घागर घेऊन बायका गल्लीभर नाचल्या. शेजारच्या देशमुखीणबाई आधी गॅलरीतून बघत होत्या, थोड्या वेळाने घागर त्यांच्या डोक्यावर होती. इथं मात्र हवं तेवढं उभं राहून, उड्या मारून फोटो काढले.

लग्नाचा दिवस. आमचं ठरलेलं वेळापत्रक असं होतं: साडेआठला मिलनी (दोन्ही घरच्यांची गळाभेट), नऊला चहा-नाश्ता, दहाला लावां, बारापर्यंत सगळं आटोपून लंगर. वरात पाऊण तास उशिरा निघाली, कारण पगडी बांधणारा एक आणि गुलाबी पगडी हवी असणारे तीस. पगडीवाले दोन सांगा. मिलनी गुरुद्वाऱ्याच्या आवारात, आधी अरदास, मग वडील-वडील, मामा-मामा, काका-काका अशा जोड्या. गळ्यात हार घालतात आणि एकमेकांना उचलायची चढाओढ लागते. लुधियान्याच्या मामांनी आमच्या बारक्या मामांना अलगद उचललं. आमच्या मामांनी परतफेडीचा प्रयत्न केला तेव्हा दोघंही हसता हसता खाली बसले. नाश्त्याला जिलबी-पकोड्यांबरोबर सुशीला होती. पाहुण्यांना मुरमुऱ्यांचा हा प्रकार ठाऊक नव्हता. कढई रिकामी झाली.

आत जाण्याआधी मुलाची कलगी आणि मोत्यांचा सेहरा उतरवला, तेही नियमातच आहे. जोडाघरात चपला ठेवल्या. फेब्रुवारी असला तरी सकाळी संगमरवर गार असतो, मोजे घाला. आणि पँटच्या किंवा सलवारच्या आत गुडघ्यांना पट्टे बांधा, हे मी कळकळीने सांगते. ओढणी पिनांनी दोन्ही बाजूंनी केसात पक्की केली होती. कॅमेरा डोळ्याला लावला की ओढणी मागे सरकते आणि ती सारखी करायला हात रिकामा नसतो. मावसभावाने केशरी रुमाल बांधला होता.

सेवादारांनी मला उजव्या कोपऱ्यात खांबाजवळ जागा दिली, त्याला डावीकडे. पहिल्या फेरीत मी फारसं काढलंच नाही, कुठल्या पावलाला चेहऱ्यावर उजेड येतो ते बघितलं. पालखीची बाजू ओलांडली की एका उंच खिडकीचा उजेड तिरका पडत होता. फुलकारीचं रेशीम तिथं आल्यावर चमकायचं आणि पुढच्या दोन पावलांत परत मऊ व्हायचं. दुसऱ्या फेरीपासून मी फक्त त्या जागेवर डोळा ठेवला. छत धरायचं नसल्यामुळे चारही भाऊ कडेला अंतरा-अंतराने उभे होते. प्रत्येकापाशी ती आली की तो तिच्या खांद्याला हात लावून दोन पावलं बरोबर चालायचा आणि पुढच्याच्या हवाली करायचा. सगळ्यात धाकट्याचे हात थरथरत होते. चौथ्या लांवेत तिने त्याच्याकडे बघून डोळ्यांनीच ‘गप’ म्हटलं. तो फोटो आहे माझ्याकडे. फुलकारीच्या छताचा फोटो काढला असता तर हे चौघं छताचे चार खांब झाले असते आणि हात वर गुंतलेले असते. ठरावावर मी डिसेंबरमध्ये मनातल्या मनात चरफडले होते, पण अल्बममधली सगळ्यात जास्त पाहिली जाणारी पानं त्याच्यामुळेच आली आहेत.

लग्न बसून काढल्याचा आणखी एक परिणाम घरी येऊन स्क्रीनवर पाहताना जाणवला. सगळ्या फोटोंत माझी नजर संगतीच्या नजरेच्या उंचीला आहे. पुढे कुणाचा खांदा, कुणाच्या पगडीची कड, मध्येच आजीचा गुडघ्यावरचा हात. स्टेजवर चढून काढलेल्या माझ्या आधीच्या लग्नांत हे काहीच नाही.

लंगरमध्ये फोटो काढताना एक पथ्य पाळा: जेवणाऱ्या अनोळखी माणसांच्या तोंडासमोर लेन्स नेऊ नका. तिथं लग्नाचे पाहुणे असतात तसे वाटसरूही असतात. मी घरच्यांच्या सेवेचे थोडे काढले, मग कॅमेरा ठेवून पंगतीत बसले. दुपारी डोली निघाली. तिने मागे न बघता ओंजळीने फुलियां, म्हणजे लाह्या, उधळल्या आणि काका, जे चार महिने सगळ्यांना ‘कायी टेन्शन घेऊ नका’ सांगत होते, ते गाडीच्या मागे कोपऱ्यापर्यंत चालत गेले. डोली गेली ती यात्री निवासापर्यंतच, दीड किलोमीटरवर. तरी.

संध्याकाळी लेहंगा, स्टेज, फ्लॅश, सगळं हवं तसं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, अशी लग्नं तुम्ही पाहिली आहेत.

वऱ्हाड १३ तारखेच्या सचखंडने परत निघालं. त्याच दिवशी पंजाबातून शेतकऱ्यांचा दिल्लीकडे मोर्चा सुरू झाला आणि शंभू सीमेवरचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर येऊ लागले. १५ तारखेला पंजाबात रेल रोको झाला, त्याच्या आदल्या रात्री मंडळी लुधियान्याला पोचली होती. त्या रात्री मी फोटोंच्या दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती करत बसले होते. कार्ड रिकामं करायची घाई करू नका. अल्बम छापून हातात येईपर्यंत मी कार्डांना हात लावला नाही. निवड आणि रंगांचं काम महिनाभर चाललं, रात्री ऑफिसनंतर. दरबारातल्या फोटोंत ग्रंथावरच्या सोनेरी रुमाल्यावर पिवळा उजेड आणि खिडकीकडून निळसर, अशी सरमिसळ होती. त्वचेचे रंग एकेका फोटोत हाताने सारखे केले.

नोंदणी मार्चमध्ये. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार लग्नापासून ९० दिवसांच्या आत महापालिकेत अर्ज दिलेला बरा, नंतर शुल्क वाढतं. दोघांपैकी एकाचा पत्ता त्या हद्दीतला लागतो, तो मैत्रिणीचा होता. नमुना ‘ड’ भरायचा, १०० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, तीन साक्षीदार ओळखपत्रांसह, लग्नपत्रिका, लग्नाचा फोटो, आणि लग्न लावणाऱ्याची सही. त्या रकान्यात पुरोहित, काझी वगैरे लिहिलेलं असतं. तिथं ग्यानीजींनी सही केली आणि गुरुद्वाऱ्याचा शिक्का मारला. गुरुद्वाऱ्याने दिलेलं आनंद कारजचं प्रमाणपत्रही जोडलं. मुलाचा जन्मदाखला गुरुमुखीत होता, त्याऐवजी पासपोर्टची प्रत दिली, प्रश्न आला नाही. प्रश्न आला तो नावाचा. पत्रिकेत नुसतं कौर, आधारवर कौरच्या पुढे आडनाव. ही एकच व्यक्ती आहे असं स्वयंघोषणापत्र लिहून दिल्यावर अर्ज पुढे सरकला. पत्रिका छापतानाच, खाली बारीक अक्षरांत का होईना, आधारवरचं पूर्ण नाव कुठं तरी येऊ द्या.

तिसरी साक्षीदार मी. जोडायच्या फोटोसाठी मी हौसेने खिडकीच्या उजेडातला, चौथ्या लांवेचा फोटो मोठा करून नेला होता. टेबलामागच्या बाईंनी चष्मा वर करून तो नीट पाहिला, छान आहे म्हणाल्या, आणि परत केला. “दोघांचे चेहरे समोरून दिसायला पाहिजेत, मॅडम. असा नाही का एखादा?” होता. मावसभावाने लंगरच्या दारात मोबाइलवर काढलेला, दोघंही डोळे बारीक करून उन्हात उभे. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे २० रुपयांत छापून आणला. प्रमाणपत्रावर तोच आहे.